कोर्ट उठेपर्यंत

मी तहसील कचेरीत रीडर होतो. साहेबांसमोर मिसलीतले, म्हणजे खटल्याच्या फायलीतले, कागद वाचून दाखवायचे, साक्षी उतरून घ्यायच्या, निकाल लिहून त्यावर सही घ्यायची, एवढं काम. कचेरी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होती. गावाचं नाव सांगत नाही. त्यात इतरांची अब्रू आहे आणि माझीही आहे.

आमच्याकडे तेव्हा तहसीलदारच मॅजिस्ट्रेट असत. सकाळी ते आपल्या खोलीत बसून सारा, पट्टे, रस्ते, धान्याची दुकानं पाहत. जेवण झालं की त्याच व्हरांड्यातून मधल्या हॉलात येत, लाकडी मंचावरच्या खुर्चीत बसत, आणि तिथून पुढे ते कोर्ट होत. सकाळी ज्यांना मी 'साहेब' म्हणे त्यांनाच दुपारी 'कोर्ट' म्हणायचं. दौत तीच, टाक तोच आणि रीडरही तोच. सकाळी साहेबांच्या तोंडचा हुकूम मी लिहून घ्यायचो आणि तो हुकूम मोडला म्हणून धरून आणलेल्या माणसाचा जबाबही मीच लिहायचो. पहिली दोन वर्षं मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी होती ती. वावगं शोधायला मी बसलोच नव्हतो.

छप्पन साल आमच्या घरात दोनदा लक्षात राहिलं. ऑक्टोबरात नागपूरहून परत आलो ते बौद्ध होऊन, आणि नोव्हेंबरात अख्खा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. कचेरीत मुंबईची परिपत्रकं येऊ लागली. नमुने बदलले, शिक्के बदलले. पुढच्या वर्षी नवे नायब तहसीलदार आले. पुण्याकडचे, कायद्याची परीक्षा दिलेले, वयानं माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. नायबांनाही खालच्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटचे अधिकार होते, आणि त्यांचं कोर्ट त्याच हॉलात सकाळी बसे. ते मला 'अहो रीडर' म्हणत, आणि माझ्यासारख्या माणसाला 'अहो' म्हणणारे ते त्या कचेरीतले पहिलेच.

एकदा कपाट आवरताना मला घटनेची छापील प्रत सापडली. हिंदीतली होती, पण वाचता येत होती. घरी आम्ही घटना हा शब्द फार आदरानं उच्चारायचो, पण तिची पानं मी कधी उलटली नव्हती. त्यात एक कलम असं, की न्यायदान हे सरकारी कारभारापासून वेगळं करण्यासाठी सरकारनं पावलं उचलावीत. मी नायबांना ते दाखवलं आणि विचारलं, की मग आपल्याकडे अजून एकच खुर्चीवाला दोन्ही कामं कसा करतो? ते हसले नाहीत. म्हणाले, हे मार्गदर्शक तत्त्व आहे, सरकारनं करावं असं आहे, पण केलं नाही म्हणून कोणाला कोर्टात जाता येत नाही. म्हणजे ज्या कलमात कोर्टाला मोकळं करायचं लिहिलं होतं, नेमकं तेच कोर्टाला अमलात आणायला लावता येत नव्हतं. त्या दिवशी मी प्रत कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. चिडायची तेव्हाच सुरुवात झाली असावी.

आमच्या गावाला लागून पांढरकवड्याकडे जाणारी मोठी सडक होती आणि तिच्यावर मालमोटारी वाढल्या होत्या. बाजाराच्या दिवशी विकणारे सडकेच्या कडेला बसत. एकदा एका मोटारीनं मडक्यांची अख्खी रास फोडली, माणूस थोडक्यात वाचला. तेव्हा तहसीलदारांनी हुकूम काढला, की बाजाराच्या दिवशी सडकेच्या कडेला कोणी बसायचं नाही, सगळ्यांनी मागच्या मैदानात बसायचं. हुकूम चुकीचा नव्हता. मी तो लिहिला आणि आसपासच्या गावांत दवंडी द्यायला कोतवालाच्या हाती दिला.

चार दिवसांनी कोतवाल आला आणि दवंडी दिलेल्या गावांची यादी सांगू लागला. डोंगराकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, तो गेलाच नव्हता. चार कोस चालत जाऊन वीस झोपड्यांसमोर ढोलकं वाजवायचं, आणि त्यांना कळणार काय, असं त्याचं म्हणणं. मी त्याला पुन्हा पाठवायला हवं होतं. संध्याकाळ झाली होती, रजिस्टर दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर जायचं होतं. मी त्या पोडाच्या नावापुढे 'दवंडी झाली' असं लिहिलं आणि पान उलटलं.

पुढच्या बाजारी त्या पोडावरची एक बाई नवऱ्याबरोबर आली आणि वर्षानुवर्षं जिथे बसायची तिथेच, सडकेच्या कडेला, टोपल्या आणि सुपं मांडून बसली. वय पन्नासच्या आसपास असेल. बाकीचे सगळे मैदानात गेले होते. शिपायानं तिला उठायला सांगितलं. ती तिथेच राहिली. तेवढ्यात तहसीलदारांची जीप आली. त्यांनी स्वतः खाली उतरून दोनदा सांगितलं. तिला मराठी थोडीच कळायची, आणि नवरा पाणी प्यायला गेला होता. तिनं मान खाली घातली आणि हातातली बांबूची कामटी विणत राहिली. साहेबांना वाटलं, ही मुद्दाम करते आहे. भर बाजारात, सगळ्यांदेखत.

सरकारी नोकराचा हुकूम मोडल्याची फिर्याद त्यांनी स्वतःच्या सहीनं दिली. ती मीच लिहिली. स्वतःच फिर्यादी असल्यामुळे ते खटला चालवू शकत नव्हते, तेवढा कायदा पाळला गेला. त्यांनी मिसल नायबांकडे पाठवली. पाठवली म्हणजे चपराशानं एका दारातून उचलून शेजारच्या दारात नेली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती मंचासमोर उभी राहिली. नवरा दाराशी उभा राहून दोन्हीकडचं सांगत होता. त्याला आपली वऱ्हाडी चांगली येत होती. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर त्यानं तिच्याशी कोलामीत बोलून सांगितलं, की ती तिथे बसली होती हे खरं, पण तिथे बसायचं नाही हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

नायबांनी पाच मिनिटं काम थांबवलं आणि मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं आणि विचारलं, "त्या पोडावर दवंडी झाली होती का?"

मी म्हणालो, "रजिस्टरात आहे, साहेब."

"मी रजिस्टरातलं विचारत नाही."

मी खाली पाहत उभा राहिलो. नोकरी, घर, खोटी नोंद केल्याबद्दल काय होतं ते, सगळं एकदम डोक्यात आलं. मग तेच म्हणाले, की त्यांची उमेदवारीची मुदत संपायला चार महिने उरले होते आणि त्यांच्याबद्दलचा शेरा लिहिणार होते पलीकडच्या खोलीतले साहेब. फिर्यादी जर न्यायाधीशाचा वरिष्ठ असेल तर त्या न्यायाला काय म्हणायचं, हे तुमच्या त्या प्रतीत कुठे लिहिलंय का बघा, असं काहीसं ते बोलले. माझ्यावर रागावले होते की स्वतःवर, ते मला कळलं नाही.

बाहेर येऊन त्यांनी निकाल दिला. गुन्हा शाबीत, शिक्षा कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवशीचं कोर्टाचं काम संपून मॅजिस्ट्रेट उठेपर्यंत आरोपीनं तिथेच पोलिसाच्या ताब्यात बसायचं आणि मग घरी जायचं. दंड केला असता तर तो भरायला तिच्याकडे पैसे कुठले, आणि कैदेत याहून हलकी शिक्षा कायद्यात नव्हती. आणखी दोनच मिसली उरल्या होत्या, तास-दीड तासात कोर्ट उठलं असतं. नायबांनी आपल्या परीनं तिला जपलं होतं. ती मंचाच्या उजव्या बाजूला भिंतीला टेकून खाली बसली. शेजारी शिपाई.

साडेबाराच्या सुमारास तहसीलदारांचा चपराशी आला. सडकेवरच्या नव्या पुलाचं काम पाहायला जिल्ह्याचे मोठे साहेब अचानक येणार होते, नायबांनी लगेच जीपमध्ये बसावं असा निरोप. हॉलात ते कोर्ट होते, पण निरोप त्यांच्यातल्या नायबांना होता, आणि तो टाळता येत नव्हता. एक मिसल अर्धी राहिली होती. "अर्ध्या तासात येतो," असं मला सांगून ते निघाले. कोर्ट उठलं, असं ते बोलले नाहीत. मला तेव्हा ते खटकलंही नाही.

अर्धा तास गेला. दीड वाजला, दोन वाजले. पक्षकार कंटाळून झाडाखाली जाऊन झोपले. ती बाई होती तशी बसून होती. अडीच वाजता तिनं शिपायाला काहीतरी खूण केली. तिला बाहेर जायचं होतं. शिपाई मला म्हणाला, मले ऑर्डर नाही. मी मागच्या क्वार्टरमधून चपराशाच्या बायकोला बोलावलं आणि तिच्याबरोबर पाठवलं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मला तीन माणसांची समजूत काढावी लागली.

तीन वाजता मी ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, बाई कोर्टाच्या हुकमानं बसली आहे, कोर्टानंच सोडावी, पोलिसाला त्यात काही करता येत नाही. बोलण्यात खोट नव्हती. मग खजिन्याच्या अधिकाऱ्याकडे गेलो. त्या दिवशी कचेरीत त्यांच्याहून वरचं कोणी नव्हतं. ते म्हणाले, मी महसुलाचा माणूस, मॅजिस्ट्रेटचे अधिकार मला नाहीत. हेही बरोबरच होतं. फोन करावा म्हटलं तर फोन तहसीलदारांच्या खोलीत, खोलीला कुलूप, आणि किल्ली त्यांच्या खिशात पुलावर. प्रत्येक जण आपल्या अधिकाराची हद्द मला अगदी नीट समजावून सांगत होता. त्या हद्दींच्या मधल्या जागेत ती बाई बसली होती, आणि ती जागा कोणाचीच नव्हती.

मी परत आलो तेव्हा तिचा नवरा पायरीवर बसला होता. त्यानं विचारलं, "बाबू, कोर्ट कवा उठते?"

मी त्याला सांगू लागलो, की कोर्ट म्हणजे ही इमारत नाही, कोर्ट म्हणजे खुर्चीवरचे साहेब, ते कामाला गेले आहेत, ते येऊन उठले की झालं. त्यानं दारातून आत पाहिलं.

"खुर्चीवर तं कोनीच नाही बसून," तो म्हणाला. "मंग उठन कोन?"

थट्टा करायची म्हणून तो बोलला नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. मी आत जाऊन उगाच दाखले लावत बसलो. मला सगळ्यांचा संताप आला होता. साहेबांचा, पुलाचा, नायबांचा, त्या न बोलता बसलेल्या बाईचासुद्धा. आणि सगळ्यांत जास्त माझा, कारण ती इथे का बसली आहे हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

साडेपाचला कचेरी बंद व्हायची वेळ झाली. चपराशी खिडक्या लावू लागला. ऊन उतरलं होतं आणि पोड चार कोस लांब, शेवटचा दीड कोस जंगलातून. शिपाई विचारू लागला, की हिला आता रात्री ठाण्यात ठेवायची का. तशी शिक्षा तिला कोणी दिली नव्हती. मी उठलो, मंचावर चढलो नाही, खालीच माझ्या टेबलापाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "कोर्ट उठलं."

शिपाई म्हणाला, "मले लिहून द्या."

मी रोजनाम्यात लिहिलं, की कोर्ट सायंकाळी पावणेसहा वाजता उठले, आरोपीस सोडले. खाली माझी सही केली. रीडर, हेही लिहिलं. नवऱ्यानं टोपल्या डोक्यावर घेतल्या. बाई उठताना भिंतीला धरून उठली, पाय आखडले होते. दोघं माझ्याकडे न पाहता निघून गेले.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. दवंडीचं सोडून. तिचं माहेर राजूरचं, भाऊ खाणीत कामाला, बोलणं रोखठोक. मला वाटलं ती घाबरेल. तिनं ताट वाढलं आणि म्हणाली, "येवढं एक बोलाले तुमाले सांज लागली?" मी जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. ते आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. जुन्या मध्य प्रांतातले, हिंदी मिसळून बोलणारे, चहा पाजून कामं करून घेणारे. त्यांनी रोजनामा उघडून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "कोर्ट बरखास्त करायचे पावर तुमाले कोनं दिले?"

मी सांगितलं, की साहेब कोणीच नव्हतं, बाई सकाळपासून बसली होती.

"ते मले मालूम आहे. मी पावर विचारून राह्यलो."

मग त्यांनी मला समजावलं. न्यायाचं काम वेगळं, कारकुनाचं काम वेगळं. कोर्टाच्या कामात बाहेरच्यानं हात घालायचा नाही, तो कोणीही असो. हा नियम मोडला तर राज्य चालणार नाही. हे सगळं ते मनापासून बोलत होते, आणि आदल्या दिवशी त्यांनीच चालू कोर्टातला मॅजिस्ट्रेट जीपमध्ये बसवून पुलावर नेला होता, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी ते बोलून दाखवलं नाही.

मग ते म्हणाले, लिहा. आणि त्यांनी मला माझ्याच नावाची नोटीस सांगितली. अधिकार नसताना न्यायालयाचं काम केल्याबद्दल खुलासा सात दिवसांत द्यावा. रीडर मीच असल्यामुळे ती मीच लिहिली, आवक-जावकात मीच चढवली, आणि पोच म्हणून मीच सही केली. खुलासा द्यायचा त्यांनाच होता. तो तपासणार तेच होते, आणि त्यावर निर्णयही तेच देणार होते. सात दिवसांत मी तीन खुलासे लिहून फाडले. एकात दवंडीची गोष्ट खरी खरी लिहिली होती. तोही फाडला. शेवटी 'चूक झाली, क्षमा असावी' एवढंच दिलं. सेवापुस्तकात शेरा पडला आणि मला रेकॉर्ड रूममध्ये टाकलं.

नायब एकदा तिथे आले. त्यांची नोकरी पक्की झाली होती, बदलीही आली होती. धुळीनं माखलेल्या गठ्ठ्यांपाशी उभे राहून म्हणाले, "त्या दिवशी जाताना दोन शब्द बोलायचे होते मला. साहेब दारात होते, घाई झाली." मी म्हणालो, चालायचंच. ते गेल्यावर मला वाटलं, दोन शब्द मीही गिळले होते, आणि मला तर घाईही नव्हती.

पुढे महाराष्ट्र झाला. बासष्टमध्ये जिल्हा परिषद आली आणि शाळा, दवाखाने, रस्ते कचेरीतून तिकडे गेले. काही वर्षांनी आमच्याकडेही न्यायखातं वेगळं झालं आणि तालुक्याला स्वतंत्र मॅजिस्ट्रेट आले, ज्यांचा शेरा तहसीलदार लिहीत नसत. मी अर्ज करून त्यांच्या आस्थापनेवर गेलो. इमारत मात्र तीच राहिली. हॉल कोर्टाचा, व्हरांडा महसुलाचा, आणि दोन बाकं कोणाची यावर पाच महिने पत्रं चालली. ती पत्रं लिहिताना कितीदा तरी वाटलं, याचसाठी का एवढं थांबलो? पण पहिल्याच महिन्यात या मॅजिस्ट्रेटांनी तहसीलदारांच्या एका फिर्यादीतला आरोपी पुराव्याअभावी सोडला. तहसीलदार रागानं लाल होऊन व्हरांड्यातून गेले आणि त्यांना काहीही करता आलं नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

त्याच आठवड्यात धीर करून मी मॅजिस्ट्रेटांना त्या बाईची गोष्ट सांगितली. रजिस्टरातली नोंद खोटी होती आणि ती मी केली होती, हेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, की त्या निकालावर अपिलाची मुदत कधीच संपली. स्वतः दिलेला निकालही त्यांना बदलता आला नसता, मग दुसऱ्याचा तर नाहीच. रजिस्टर महसुलाचं, तेव्हा ते तिकडे बघतील. निकालाचं काही करायचंच तर वरच्या कोर्टात, आणि तिथेही त्या बाईनं स्वतः जायला हवं.

"तुमचं म्हणणं खरं आहे," ते म्हणाले, "पण माझ्या अधिकारात नाही."

मी तहसिलीला पत्र दिलं. उत्तर आलं, की प्रकरण न्यायालयीन असल्यामुळे या कार्यालयास त्यात काही करता येत नाही. वाचून मी ते टेबलावर आपटलं. पूर्वी सगळं एका माणसाच्या हातात होतं म्हणून काही होत नव्हतं. आता ज्यानं त्यानं आपल्या मर्यादेत राहून नियमाप्रमाणे उत्तर दिलं होतं, आणि मला एकाही उत्तरात चूक काढता येत नव्हती. असंच असायला हवं, हे मला पटत होतं. पटत होतं म्हणून जास्तच जीव जळत होता.

शेवटी मी मागच्या मैदानातल्या बाजारात गेलो. ती दोघं एका कोपऱ्यात बसली होती. ती चांगलीच थकली होती, नवऱ्याचे केस पिकले होते. त्यानं मला ओळखलं. मी त्याला दवंडीचं सगळं सांगितलं, की पोडावर कोतवाल आला नव्हता आणि मी खोटं लिहिलं होतं. यवतमाळला वकील पाहून देतो, खर्च माझा, शिक्षा पुसली जाईल कदाचित, असंही म्हणालो. त्यानं बायकोला कोलामीत सांगितलं. बराच वेळ सांगत होता. ती ऐकताना विणायची थांबली. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चार-पाच शब्द बोलली.

मी विचारलं, काय म्हणाली?

"थे म्हन्ते, मंग तिथं कोर्टात पुन्हा बसा लागन," तो म्हणाला.

तेवढ्यात एक बाई सूप घ्यायला आली आणि ती दोघं तिच्याशी बोलू लागली. मी कचेरीची वेळ झाली म्हणून निघालो.